कमी पावसाच्या भागात उपासमार यायच्या आधी काय बघायचं आणि मदतीसाठी कधी हलायचं

जगातली साधारण ४० टक्के जमीन कोरडी आहे आणि तिथे २०० कोटींच्या आसपास लोकं राहतात. अशा एखाद्या भागाचं अन्नाचं प्लॅनिंग तुमच्याकडे आलं, मग तुम्ही सरकारात असा, संस्थेत असा नाहीतर गावच्या कमिटीत, तर फक्त पाऊस आणि पीक मोजत बसू नका. तेही मोजाच, पण भूक बऱ्याचदा शेताच्या आधी बाजारात दिसते.

म्हणून दर आठवड्याला एक प्रश्न विचारायचा, एक शेळी विकली की किती किलो धान्य येतं? चारा संपला की सगळेच जनावरं विकायला काढतात, भाव पडतो, आणि नेमकं तेव्हाच धान्य महाग होतं, म्हणजे मेंढपाळाला दोन्हीकडून मार. नायजरमध्ये २००५ ला हेच झालं, आदल्या वर्षी पाऊस कमी, त्यात टोळधाड, तरी बाजारात धान्य होतं, लोकांकडे घ्यायला पैसे नव्हते. तीन-चार बाजार ठरवा, तोच वार, साधारण त्याच वजनाची शेळी, वहीत लिहिलं तरी चालेल. आणि तुलना गेल्या आठवड्याशी नको, इतर वर्षांच्या त्याच महिन्याशी करा, कारण कोरड्या मोसमात हा आकडा तसाही खाली येतोच.

सोबत ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजा. १२५ मिलिमीटरच्या खाली धोका, ११५ च्या खाली लगेच उपचार. पट्टी आयांच्या हातात द्या, एकदा दाखवलं की त्या नीट मोजतात.

आता सगळ्यात अवघड काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आकडा किती खाली गेला की कोण, किती दिवसात, कुठल्या पैशातून काय करणार हे चांगल्या वर्षातच कागदावर लिहून सह्या घेऊन ठेवा. सोमालियात २०१० पासून इशारे येत होते, पण उपासमारीचं संकट (इंग्रजीत famine) अधिकृतपणे जाहीर झालं २० जुलै २०११ ला, आणि तोपर्यंत कितीतरी माणसं गेलेली होती. सगळं मिळून सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली निम्मी ५ वर्षांखालची मुलं. माहिती होती हो, पण हलायचं कधी हे ठरलेलं नव्हतं, आणि दक्षिणेत सशस्त्र गटामुळे मदत पोचणंही अवघड झालं होतं. इथिओपियाने २००५ पासून गरीब घरांना दरवर्षी काही महिने पैसे किंवा धान्य द्यायची योजना चालवली, त्याचा एक मोठा फायदा म्हणजे घरांची यादी आधीच तयार असते.

सुरक्षेचा विषय वेगळ्या फाइलीत ठेवू नका. मेंढपाळांना बसवून नकाशा काढा, जनावरांच्या वाटा, पाणवठे, नाकी, कुठे अडवतात. पाणवठ्यावर कुणी कुठल्या दिवशी पाजायचं हे कोरड्या मोसमाच्या आधी ठरवा, जनावरं तहानलेली उभी असताना बोलणी होत नाहीत. नवीन बोअर घेतानाही आधी आजूबाजूच्या सगळ्यांना विचारा, पाणी आलं की कळप तिकडे वळतात, चारा संपतो आणि भांडण सुरू होतं. वाट बंद केली तरी तेच. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी १९९८ मध्ये दाखला घेऊन कळपांना सीमा ओलांडता येईल असा नियम केला तो याचसाठी.

एकच मोठं गोदाम करू नका, लुटायला सोपं पडतं. दोन-चार छोटी करा. रस्ते चालू असतील तर रोख पैसे चांगले, पण बंद असतील तर पैशाने फक्त भाव वाढतो, तिथे धान्यच न्या. वाटपाची वेळ आणि जागा बायकांना विचारून ठरवा, परत जाताना धान्य त्यांच्याच डोक्यावर असतं. कुणी मुद्दाम धान्य अडवलं तर तारीख, जागा, किती माल हे लिहून ठेवा, २०१८ च्या सुरक्षा परिषदेच्या २४१७ नंबरच्या ठरावात नागरिकांना उपाशी ठेवून युद्ध करण्याचा निषेध आहे, तेव्हा ही नोंद पुढे उपयोगी पडू शकते. पण माहिती देणाऱ्याचं नाव त्यात कधीच लिहू नका.

आणि पहिला पाऊस पडला म्हणून वाटप थांबवू नका. गवत आलं तरी जनावर व्यायला आणि दूध सुरू व्हायला महिने लागतात, पिकालाही लागतात, आणि मोडलेला कळप परत उभा राहायला तर वर्षं जातात. मदत कधी थांबवायची हेही त्याच सह्यांच्या कागदावर आधीच लिहा, आणि तेही शेळी-धान्याचा आकडा आणि मुलांचे दंड बघूनच.