नाशकात राहून ॲनिमेशन फिल्म डायरेक्टर व्हायचंय? मग असं करा

बारावीचा रिझल्ट लागला की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच, आमचा मुलगा दिवसभर चित्रं काढत बसतो, त्याला ॲनिमेशनला टाकू का, कॉलेज रोडला कुठला क्लास चांगला वगैरे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. क्लासचं नंतर बघू, कारण क्लास करून ॲनिमेटर होता येतं पण डायरेक्टर व्हायला एक अख्खी फिल्म पूर्ण करावी लागते, मग ती एका मिनिटाची का असेना.

आधी हिशोब बघा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालते, हाताने काढताना बहुतेक वेळा एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० ड्रॉइंग्ज. कॉलेज सांभाळून रोज दहा काढली तरी ७२ दिवस गेले, आणि रंग, बॅकग्राउंड, साउंड अजून बाकीच. त्यामुळे पहिली फिल्म एक ते दीड मिनिटाचीच ठेवा, पात्रं दोनच. पहिल्याच फटक्यात रामायणातलं युद्ध घ्यायला जाऊ नका, अशा अर्धवट राहिलेल्या फाइली मी खूप बघितल्यात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

विषय कुठून आणायचा? घरातून बाहेर पडा. मी भांडीबाजारात तांब्याचा हंडा ठोकणाऱ्या एका काकांना विचारून मोबाईलवर मिनिटभर शूट केलं, २४ फ्रेमवर सेट करून, आणि घरी येऊन एकेक फ्रेम मोजत बसलो. हातोडी वर जायला दहा फ्रेम, खाली यायला फक्त तीन, ठोका बसला की जराशी उसळते, आणि पाच-सहा ठोक्यांनंतर एक हलका ठोका, तेवढ्यात डाव्या हाताने हंडा बोटभर फिरलेला असतो. टायमिंग म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. नवा ॲनिमेटर वर जाणं आणि खाली येणं सारखंच ठेवतो आणि मग हातोडीला वजनच येत नाही. तुम्ही मिसळीची तर्री ओतणारा हात घ्या, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारणारा पोरगा घ्या, काहीही घ्या पण मोजून घ्या.

मग स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटची क्रमाने काढलेली चित्रं, आणि त्यानंतर ॲनिमॅटिक. ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं खऱ्या वेळेवर कच्च्या आवाजासकट ओळीने लावून बघायची. ही पायरी अजिबात सोडू नका, मी सोडली होती. माझी पहिली फिल्म गोदावरीच्या पुराची, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं यावरून आपण नाशिककर पूर मोजतो ना, तेच. दोन महिने मी नुसत्या लाटा रंगवत होतो. सगळं जोडल्यावर दिसलं की बघणाऱ्याचा जीव मारुती कमरेपर्यंत बुडाला की छातीपर्यंत यातच अडकलाय, लाटांकडे कुणाचं लक्षच नाही. २२ सेकंद काढून टाकले. ॲनिमॅटिक केलं असतं तर हे दोन दिवसांत कळलं असतं. कुठे थांबायचं, काय दाखवायचं नाही, हे ठरवणं हेच डायरेक्टरचं खरं काम आणि ते ॲनिमॅटिकमध्येच होतं.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडर फुकट आहेत, एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसची 'फ्लो' ब्लेंडरमध्ये बनली आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती, ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसे उभे केले, तेव्हा कुठे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्यांनी आगकाड्या हलवूनही फिल्म केली होती. पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, जाऊन या.

आवाज मात्र मनापासून करा. पहाटे घाटावर जाऊन रेकॉर्ड करा, डायलॉग घरी अंगावर गोधडी घेऊन, खरंच, आवाज घुमत नाही. संगीत दुसऱ्याचं उचलू नका, फेस्टिव्हलला हक्क विचारतात.

आता शिक्षण. बारावीनंतर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत ॲनिमेशन आहे, तिची स्वतःची डॅट परीक्षा असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाला बारावीनंतर यूसीड ही परीक्षा, ग्रॅज्युएशननंतर सीड. सीटा कमी, तयारी वर्षभर आधी लागते. प्रायव्हेट क्लासला जाताना एकच विचारा, तुमच्या पोरांनी पूर्ण केलेल्या फिल्म दाखवा. सॉफ्टवेअरची यादी पुढे केली तर घरी या.

नोकरीसाठी पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई करावी लागेल असं धरून चाला, घरून कामं मिळतात पण पहिली दोन-तीन वर्षं सीनियरच्या शेजारी बसून जे कळतं ते कॉलवर कळत नाही. डायरेक्शनकडे जायचं असेल तर माझ्या मते स्टोरीबोर्ड आर्टिस्ट म्हणून शिरा, तिथे रोज शॉटचाच विचार होतो. ॲनिमेशन फिल्म डायरेक्टर गीतांजली राव मुंबईच्या जेजे या कला महाविद्यालयातून शिकली, ज्येष्ठ ॲनिमेटर राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलं, मग स्वतःची शॉर्ट फिल्म काढली जी २००६ मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीक विभागात पोचली.

पैशाचं स्पष्ट बोला. मी एका जाहिरातवाल्यांचं ४० सेकंदांचं काम तोंडी बोलण्यावर केलं, नऊ वेळा बदल करून दिले आणि अर्धे पैसे आजवर आले नाहीत. तेव्हापासून ॲडव्हान्स, ॲनिमॅटिक मंजूर झाल्याचा मेल आणि किती वेळा बदल हे लिहून घेतल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

फिल्म झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका, काही फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. इंग्रजी सबटायटल लावा, मिफ म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे नियम नीट वाचा, तिथे ॲनिमेशनला वेगळी जागा आहे. त्याआधी एक शो घरी करा, आजी, शेजारचे काका, शाळेतली पोरं सगळ्यांना बसवा, आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा, कुणी कितव्या सेकंदाला मोबाईल काढला ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच एडिट उघडा.