लिली, डेव्हिडसन की मॅकग्रा? तुलना करण्याआधी या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या या तीन वेगवान गोलंदाजांची यादी कसोटी सरासरीने (एका बळीमागे दिलेल्या धावा) लावली की ॲलन डेव्हिडसन (२०.५३) वर येतो, त्याखाली ग्लेन मॅकग्रा (२१.६४), मग डेनिस लिली (२३.९२). बहुतेक वाद इथेच मिटवले जातात, आणि पहिली चूकही इथेच होते.

सरासरी हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो: एका बळीमागे टाकलेले चेंडू आणि एका चेंडूमागे गेलेल्या धावा. डेव्हिडसनला एका बळीसाठी ६२ चेंडू लागत, पण षटकामागे तो दोन धावाही देत नसे. तो कंजूष होताच. त्यात १९५० च्या दशकातले फलंदाजही सावकाश खेळत. मिचेल स्टार्कची सरासरी त्याच्यापेक्षा बरीच जास्त आहे, पण बळी मात्र तो ५० चेंडूंच्या आत काढतो. म्हणून स्ट्राइक रेट (एका बळीमागचे चेंडू) आणि इकॉनॉमी (षटकामागच्या धावा) वेगवेगळे मांडा. लिली आणि मॅकग्राचे स्ट्राइक रेट ५२.० आणि ५१.९, म्हणजे जवळपास एकच. सरासरीतला सगळा फरक धावांचा आहे: षटकाला २.७५ आणि २.४९.

लिलीच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा म्हणजे ७० कसोटींत ३५५ बळी, सामन्यामागे पाचांहून जास्त. मॅकग्राचे १२४ कसोटींत ५६३, म्हणजे साडेचार. आता टाकलेले चेंडू बघा. लिलीने सामन्यामागे सुमारे २६४ टाकले, मॅकग्राने २३६. शेन वॉर्न दुसऱ्या टोकाला असताना मॅकग्राला तेवढी षटकं टाकावीच लागली नाहीत. सामन्यामागचे बळी गोलंदाजाचं काम किती होतं ते सांगतात, धार नाही.

जुन्या धावफलकावरून थेट इकॉनॉमी काढू नका. १९७८-७९ च्या मोसमापर्यंत ऑस्ट्रेलियात आठ चेंडूंचं षटक होतं. २० षटकांत ८० धावा म्हणजे षटकाला ४ वाटतात. प्रत्यक्षात चेंडू १६० आणि सहा चेंडूंच्या हिशोबाने दर ३. आधी सगळं चेंडूंत बदला, मग पुढे जा.

नियमही तपासा. १९४८ च्या इंग्लंड दौऱ्यात ५५ षटकांनंतर, म्हणजे ३३० चेंडूंनी नवा चेंडू मिळत होता. आज त्यासाठी ४८० चेंडू थांबावं लागतं. रे लिंडवॉलने त्या मालिकेत २७ बळी घेतले. त्याचं मोठेपण याने कमी होत नाही, पण तेच आकडे पॅट कमिन्सच्या शेजारी विनाटीप ठेवणं चूक आहे. स्टार्कच्या बाबतीत गुलाबी चेंडूचे, म्हणजे दिवस-रात्र सामने वेगळे काढा. २०२५ मध्ये किंग्स्टनला त्याने ९ धावांत ६ बळी घेतले, तो दिवस-रात्र सामना होता.

वेगाच्या बाबतीत तर सर्रास गफलत होते. जेफ थॉमसनचे दोन आकडे सांगितले जातात: १९७५ चा ताशी १६०.४५ किमी आणि १९७९ च्या वेग मोजण्याच्या स्पर्धेतला १४७.९. दुसरा आकडा घेऊन त्याला ‘फुगवलेला’ ठरवणारे एक गोष्ट विसरतात: डिसेंबर १९७६ मध्ये ॲडलेडला झेलासाठी धावताना ॲलन टर्नरशी टक्कर होऊन त्याचा खांदा निखळला होता. शिवाय तेव्हा वेग कॅमेऱ्याच्या फिल्मवरून काढत, आज रडार चेंडू हातातून सुटतानाचा वेग दाखवतं. ब्रेट लीच्या १६१.१ शी दशांशाची तुलना करण्यात अर्थ नाही.

‘लिली आशियात चालला नाही’ हे वाक्य चार कसोटींवर उभं आहे. भारतात तर तो कसोटी खेळलाच नाही. उलट केरी पॅकरच्या खासगी ‘वर्ल्ड सिरीज’च्या १४ सुपरटेस्टमधले त्याचे ६७ बळी अधिकृत नोंदीत धरतच नाहीत; ते वेगळ्या ओळीत लिहा, बेरजेत घालू नका.

मग काय करावं? गोलंदाज ज्या सामन्यांत खेळला, त्याच सामन्यांतले दोन्ही संघांचे बाकीचे वेगवान गोलंदाज घ्या. फिरकीपटू वगळा, त्याला स्वतःलाही वगळा. उरलेल्यांच्या धावांची बेरीज भागिले बळींची बेरीज. त्याच्या सरासरीला या आकड्याने भागा; उत्तर १ च्या जितकं खाली, तितका तो आपल्या काळाच्या पुढे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सरासऱ्यांची सरासरी काढणं. एकाचे १२० धावांत २ बळी, दुसऱ्याचे ४०० धावांत २०. तशी सरासरी ४० येते, खरा आकडा २३.६ आहे.