हवामानबदलावर तज्ज्ञांशी वाद घालताय? मग या चुका टाळा

१९३८ साली लंडनच्या रॉयल मीटिअरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय कॅलेंडर यांनी एक निबंध मांडला. कॅलेंडर वाफेच्या यंत्रांचे इंजिनिअर, हवामानशास्त्र हा त्यांचा छंद. जगभरातल्या १४७ केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या, हातानं आकडेमोड केली आणि सांगितलं की, गेल्या अर्धशतकात पृथ्वी साधारण पाव अंशानं तापली आहे. त्यातला मोठा वाटा माणसानं इंधन जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. समोरच्या व्यावसायिक हवामानतज्ज्ञांना ते फारसं पटलं नाही. पण पुढे कॅलेंडर बरोबर ठरले.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. 'तज्ज्ञ बोलले, आता तुम्ही गप्प बसा' ही भूमिका मला मान्य नाही. मात्र कॅलेंडर यांचा दाखला देणाऱ्यानं त्यांनी नेमकं काय केलं तेही बघावं. त्यांनी आधी नोंदी जमवल्या. मग आपली चूक ज्यांना सर्वांत लवकर सापडेल अशा लोकांपुढे ते उभे राहिले, आणि आक्षेप आल्यावर पुढची वीसएक वर्षं काम करत राहिले. हौशी आणि तज्ज्ञ यांच्यातल्या वादात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खालच्या चुका मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि त्यातली शेवटची मी स्वतः केली आहे.

हवा आणि हवामान यांची गल्लत

शाळेच्या भूगोलात आपण फरक शिकलो होतो. आजची स्थिती ती हवा, आणि अनेक वर्षांची सरासरी ते हवामान. रोजच्या बोलण्यात मात्र दोन्हींना आपण 'हवामान'च म्हणतो, आणि तिथेच घोळ होतो. 'यंदा तर केवढी थंडी पडली, कसली तापमानवाढ?' हे वाक्य त्यातूनच येतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका अमेरिकी सिनेटरनं सभागृहात बर्फाचा गोळा आणून नेमका हाच युक्तिवाद केला होता. हवामानाची सरासरी साधारणपणे ३० वर्षांची धरतात. त्यामुळे एक हिवाळा बघून काही ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. एका कडक उन्हाळ्यावरून तापमानवाढ सिद्ध झाली म्हणणंही तितकंच कच्चं आहे.

सोयीचं वर्ष निवडणं

या चुकीवर जरा रेंगाळते, कारण ती घरबसल्या तपासता येते. '१९९८ नंतर तापमान वाढलंच नाही' हा दावा बरीच वर्षं फिरत होता. नासाची जागतिक तापमानाची फाइल फुकट मिळते. ती स्प्रेडशीटमध्ये उघडा. १८८० पासूनच्या ओळी दिसतील, प्रत्येक वर्षापुढे महिन्यांचे आकडे आणि पुढे वार्षिक सरासरी. हे आकडे थेट तापमानाचे नाहीत. १९५१ ते १९८० च्या सरासरीपेक्षा तापमान किती कमी-जास्त होतं, ते त्यात दिलेलं असतं.

आता फक्त १९९८ ते २०१२ या वर्षांचा आलेख काढा आणि त्यातून कल दाखवणारी रेषा टाका. ती फारशी चढलेली दिसणार नाही. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती; तिच्या २०१३ च्या अहवालात तर, तेव्हाच्या नोंदींवरून, या काळातली वाढ दशकाला सुमारे ०.०५ अंश इतकीच दिली होती, म्हणजे दावा करणाऱ्यांचा आकडा खोटा नव्हता. आता सुरुवात १९७० वर न्या आणि शेवट आजवर आणा. रेषा सरळ चढते. १९९८ चा आकडा साधारण ०.६ आहे, २०२४ चा १.२८.

मग मधली संथ रेषा आली कुठून? १९९७-९८ मध्ये फार मोठा एल निनो आला होता. महासागरातली उष्णता हवेत आल्यानं ते वर्ष एकदम उंच गेलं, आणि शिखरावरून मोजायला सुरुवात केली की पुढचं सगळं सपाट दिसतं. त्याच वर्षांत समुद्र उष्णता साठवतच होता. पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. हवेचा आलेख हातात घेऊन बसलेल्याला ती दिसत नाही.

म्हणून आलेख समोर आला की आधी बघायचं, तो याच वर्षापासून का सुरू केला? दोन-तीन वर्षं मागेपुढे सरकवल्यावर निष्कर्ष टिकत नसेल, तर त्यावर विसंबू नका.

'शास्त्रज्ञांना हे सुचलंच नसेल' असं धरून चालणं

तापमानवाढ सूर्यामुळे तर नाही ना? ज्वालामुखी, पाण्याची वाफ, पूर्वीची हिमयुगं यांचं काय? हे प्रश्न चांगलेच आहेत. चूक होते ती हे प्रश्न आजवर कुणी विचारलेच नाहीत असं समजण्यात.

सूर्याचंच घ्या. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांच्या गणितातून १९६७ सालीच पुढे आलं होतं. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कार्बनचंही तसंच. हवेतला जादा कार्बन इंधनातलाच कशावरून? कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असल्यानं त्यात कार्बन-१४ (कार्बनचा काळानुसार नष्ट होत जाणारा किरणोत्सारी प्रकार) शिल्लक राहिलेला नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण पातळ होत चाललंय, हे १९५० च्या दशकातच लक्षात आलं. ज्वालामुखी दरवर्षी सोडतात तो कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड होता. १९०० च्या सुमारास स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोगातून दाखवलं की नळीतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बदललं तरी शोषल्या जाणाऱ्या उष्णतेत फारसा फरक पडत नाही. मग हा वायू वाढला काय आणि न वाढला काय? कित्येक तज्ज्ञांनी त्यानंतर हा विषयच मिटला असं धरलं. उत्तर यायला अर्धं शतक लागलं: वातावरण म्हणजे एक नळी नव्हे. उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून. वायू वाढला की ती निसटण्याची जागा आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते, आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. तेवढी खाली साचते. आजही हाच आक्षेप कुणी नव्यानं सुचल्यासारखा मांडतो, तेव्हा मला वाईट वाटतं. इतका चांगला प्रश्न पडलेल्या माणसानं त्याचं उत्तर शोधायला दोन पावलं पुढे जायला हवं होतं.

पदवी बघून तज्ज्ञ ठरवणं

'तापमानवाढ नाकारणाऱ्या पत्रकावर हजारो शास्त्रज्ञांनी सही केली आहे' हे ऐकलं की आधी विचारा, कशातले शास्त्रज्ञ? हृदयाचं ऑपरेशन आपण नामवंत दंतवैद्याकडून करून घेत नाही. पण दुसऱ्या क्षेत्रातल्या माणसाला इथे बंदी आहे असंही नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींविषयी शंका होत्या. शहरांच्या उष्णतेमुळे आकडे फुगले असतील, खराब केंद्रांनी गोंधळ केला असेल, असं त्यांना वाटत होतं. २०१० मध्ये त्यांनी स्वतःचा गट उभा केला आणि नोंदी पहिल्यापासून तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तापमानवाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शंका घ्यावी तर अशी.

एक चूक सापडली की सगळंच खोटं ठरवणं

आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा दावा होता. तो साफ चुकीचा होता आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं तसं मान्य केलं. त्याला आधार नाही हे हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनीच दाखवलं होतं, ही बाजू सहसा सांगितली जात नाही. मला ती चूक क्षम्य वाटत नाही, इतकं ढोबळ विधान छपाईपर्यंत जायलाच नको होतं. पण त्यानं तापमापक खोटे ठरत नाहीत, हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग) असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे हेही बदलत नाही.

आपल्या बाजूचं असलं की न तपासणं

ही माझी चूक. मादागास्करच्या दक्षिणेतल्या २०१९ ते २०२१ च्या दुष्काळाला 'हवामानबदलामुळे आलेला पहिला दुष्काळ' म्हटलं जात होतं. तिथली उपासमार भयंकर होती. मी ते वाक्य पुढे पाठवलं, चर्चेत ठामपणे वापरलं. डिसेंबर २०२१ मध्ये वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या, आपत्तींमध्ये हवामानबदलाचा वाटा किती ते तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं अभ्यास मांडला: पाऊस कमी होण्यात हवामानबदलाचा वाटा फार तर किरकोळ होता, आणि उपासमारीचं मोठं कारण होतं लोकांची गरिबी आणि पावसावरच अवलंबून असणं. याच गटानं त्याआधी काही महिने कॅनडाच्या उष्णतेच्या लाटेबद्दल, जिच्यात लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला, अगदी उलट सांगितलं होतं: हवामानबदलाशिवाय ती जवळजवळ अशक्य होती. तो निष्कर्ष मी आनंदानं सगळ्यांना ऐकवला होता. मादागास्करचा अभ्यास आला तेव्हा मात्र ज्यांना आधीचं वाक्य पाठवलं होतं त्यांना दुरुस्ती कळवायला मला तीन आठवडे लागले.