माप देताना श्वास रोखू नका

माझं काम शिवणाचं. टेप कमरेला लागली की बहुतेक माणसं पोट आत ओढतात. असा श्वास रोखून दिलेल्या मापाचा कपडा पुढे काचतो आणि बोल लागतो तो पोटाला. स्वतःच्या शरीराशी पटवून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करा. श्वास सोडा, खांदे सैल ठेवा, जे आहे ते माप येऊ द्या. कपडा अंगाला बसवायचा असतो, अंग कपड्यात कोंबायचं नसतं.

मग कपाट उघडा. 'बारीक झाले की घालीन' म्हणून जपलेले, बटण लावल्यावर वळ उठवणारे कपडे बाहेर काढा. शिलाईत माया (आत सोडलेलं जादा कापड) असेल तर उसवून सैल करून घ्या, नसेल तर देऊन टाका. रोज सकाळी कपाटासमोर नापास झाल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. तयार कपड्यांवरचा नंबर तर मनावर घेऊच नका, एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा निघतो. आणि दोन्ही खांदे अगदी सारखे असलेलं माणूस मला क्वचितच भेटतं. एक खांदा जरा उतरता असतोच. कापतानाच आम्ही तो फरक धरतो, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

स्वतःला सतत बाहेरून न्याहाळत राहण्याची किंमत मोठी असते. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या काही मुलींना स्वेटर, तर काहींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, आरशात बघायला लावलं आणि मग गणितं दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. खोलीत बघणारं दुसरं कोणी नव्हतं! ट्रायल घेताना बोलता बोलता गप्प होणाऱ्या बायका बघते, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

म्हणून आरशात बघायची रीत बदला. नजर एकाच जागी अडकली की मुद्दाम डोक्यापासून पायांपर्यंत सगळं बघा, आणि दिसेल त्याचं नुसतं वर्णन करा. 'मांड्या घाण दिसतात' असं नाही. 'मांड्या रुंद आहेत, गुडघ्यावर जुना व्रण आहे', एवढंच. पहिल्यांदा अवघड जातं, जीभ शेऱ्याकडेच वळते. तरी करा. येता-जाता पोट चिमटीत धरून बघणं आणि दिवसातून अनेकदा वजनकाट्यावर चढणं मात्र थांबवा. अंगातल्या पाण्यामुळे वजन एका दिवसातही किलोभर हलू शकतं. सेल्फीवरूनही निकाल लावू नका. साधारण 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलंय.

एक वही करा आणि आपलं शरीर काय काय करतं ते लिहा. माझ्या वहीत आहे: उजव्या हाताला कात्री धरून घट्टे पडलेत, पण त्याच बोटांना काळोखातही कापडाचा पोत कळतो. मानसशास्त्राच्या संशोधक जेसिका अलेवा यांनी असं लिहायला लावून अभ्यास केला, तेव्हा बायकांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलेलं दिसलं.

जेवण टाळलं जात असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, दिसण्यापायी लोकांत जाणं सुटलं असेल, तर हे घरगुती उपाय पुरणार नाहीत. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि लवकर भेटा.

मुलांचं माप द्यायला याल तेव्हा 'किती जाड झालीस', 'हा तर नुसता काडी' असं त्यांच्यासमोर म्हणू नका, स्वतःच्या पोटाबद्दलही नको. मूल टेपपेक्षा तुमच्या तोंडाकडे जास्त बघत असतं. मी आकडा मोठ्याने न म्हणता वहीत लिहिते आणि मुलाला विचारते: हात वर करून दाखव, कुठे आवळतंय?