जुन्या गाण्यांच्या ग्रुपवर नवीन आहात? मग या चुका टाळा

“एलपीची ती एलपी कोणाकडे आहे का? कव्हर फाटकं असलं तरी चालेल.”

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या आमच्या फेसबुक ग्रुपवर ही पोस्ट आली आणि खाली एका नव्या सभासदाने नुसती तीन प्रश्नचिन्हं टाकली. बरोबरच आहे. पहिली एलपी म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल, दुसरी लाँग प्ले रेकॉर्ड. एसजे म्हणजे शंकर-जयकिशन. बाबूजी म्हणजे सुधीर फडके. ‘अण्णा’ म्हटलं की मात्र आधी विषय बघावा लागतो. सिनेमाचा असेल तर सी. रामचंद्र, ख्यालाचा असेल तर भीमसेन. आनंदघन नावाचे कोणी वेगळे संगीतकार नव्हते, त्या लताबाईच. ‘साधी माणसं’चं (१९६५) संगीत त्यांनी याच नावाने दिलं. हे सगळं महिन्याभरात कानावरून जातं आणि विचारलं तर कोणी हसत नाही.

नव्या माणसाचं अडतं ते दुसरीकडेच. गेली चार वर्षं ग्रुपवरच्या पोस्टी मंजूर करायचं काम माझ्याकडे आहे. रात्री ओटा आवरून मोबाईल हातात घेतला की दहा-पंधरा पोस्टी थांबलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या परत पाठवाव्या लागतात. मग मेसेज येतो, ‘तुम्ही लोक फार शिष्ट आहात.’ आहोतच थोडे. पण प्रत्येक खोडीमागे काहीतरी कारण आहे आणि ते नव्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

नुसती लिंक चिकटवणं

‘काय गाणं आहे! आजकाल अशी गाणी होत नाहीत.’ खाली लिंक. बस्स. ही पोस्ट पुढे जात नाही. मुखडा, सिनेमा, साल, गायक, गीतकार, संगीतकार एवढं लिहिलेलं हवं. साल कशाला, असं विचारतात. ‘किस्मत’ म्हणजे कुठला? १९४३ चा, अनिल विश्वासांच्या संगीताचा, की १९६८ चा, ओ. पी. नय्यरांचा? दोन्हींत पंचवीस वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींच्या गाण्यांवर जीव टाकणारे लोक वेगळे आहेत.

बाकीच्या नावांचं कारण जुनं आहे. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणारी वीस वर्षांची लता मंगेशकर लेबलवर कुठेच नव्हती; तेव्हा पात्राचं नाव छापायची पद्धतच होती. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाते कोण, आणि मग तिचं नाव हवेतून ऐकू आलं. आज तीच गाणी मोबाईलच्या ॲपवर ‘विविध कलाकार’ म्हणून वाजतात तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या सत्तरीच्या माणसाचं डोकं का फिरतं, हे यावरून समजावं. त्यातही गीतकाराचं नाव सर्वांत जास्त गाळलं जातं. ते गाळलं की आमच्या एक मडगावच्या बाई काहीही न बोलता फक्त पेनचं चित्र टाकतात. ते चित्र दिसलं की समजून जायचं.

मराठीत तर तीन वसंत आहेत. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला संगीत देणारे वसंत देसाई, ‘सांगत्ये ऐका’चे वसंत पवार, आणि पी. सावळारामांच्या शब्दांना चाली लावणारे वसंत प्रभू. ‘संगीत : वसंत’ असं लिहून मोकळं होता येत नाही. गीतरामायणाचंही तसंच. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींची चाल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा ५६ गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं, जे आपण घरोघरी ऐकतो, ते ध्वनिमुद्रण नंतरचं. म्हणून कुठलं ऐकताय ते लिहा.

पट्टी चढलेलं गाणं

ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, पण भांडणं होतात ती यावरून. तुम्ही एक लिंक टाकता आणि खाली हार्मोनियमवाले काका लिहितात, ‘ही मूळ नाही, पळवलेली आहे, वेग वाढलाय.’ तुम्हाला वाटतं, म्हातारपणी कान गेले. कान शाबूत असतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत २५ ची. सिनेमा व्हीसीडी-डीव्हीडीवर उतरवताना पुष्कळदा तो तेवढा पळवला जायचा. चार टक्क्यांचा फरक, पण अर्ध्या सुराला जरा कमी इतकी पट्टी, म्हणजे सुराची उंची, चढते. पेटीवरच्या काळी एकचं गाणं शेजारच्या पांढरी दोनच्या वेशीवर जाऊन उभं राहतं. शिवाय कॉपीराइटचा दावा चुकवायला काही जण मुद्दाम वेग बदलून गाणं चढवतात, ते वेगळंच. पेटीवर बसून हे गाणं बसवू पाहणाऱ्या माणसाची त्यात अख्खी संध्याकाळ जाते.

तेव्हा एक ओळ लिहा : रेकॉर्डवरून, सिनेमाच्या फिल्मवरून, की टीव्हीवरून. रेकॉर्डवरचं आणि सिनेमातलं गाणं मुळातच वेगळं असू शकतं, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावर असलेला एखादा अंतरा रेकॉर्डवर नसतो. ‘अंतरा कापला’ म्हणून अपलोड करणाऱ्यावर तुटून पडण्याआधी एवढं तपासावं.

प्रत्येक बासरी हरिजींची नसते

‘बासरी अर्थातच हरिप्रसाद चौरसिया!’ असं १९५० च्या गाण्याखाली लिहिणारा दर महिन्याला एक तरी भेटतो. त्यांचा जन्म १९३८ चा. हिशेब तुम्हीच करा. सतारीचं, संतूरचंही असंच होतं. मोठं नाव दिसलं की ते सगळीकडे चिकटवायचं.

याच्या उलट चूक म्हणजे मधल्या व्हायोलिनच्या तुकड्यावर फिदा होऊन सगळं श्रेय संगीतकाराला देणं. वाद्यमेळ लिहिणारा, कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. मुंबईच्या स्टुडिओंत त्यांत गोव्याची मंडळी पुष्कळ होती. शंकर-जयकिशनांकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल दोघांचेही शिक्षक. चर्चमध्ये नोटेशन वाचायला शिकलेली ही माणसं सिनेमाच्या पाटीवर क्वचितच दिसली. ग्रुपवर त्यांचं नाव घेतलंत तर मडगावच्या बाई पेनऐवजी हृदय टाकतात. मात्र ठाऊक असेल तरच घ्या. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे दहा ठिकाणी खरं म्हणून फिरतं.

तीस हजार गाणी

लताबाईंच्या वाढदिवसाला हा आकडा येतोच, कधी तीस, कधी पन्नास हजार. १९७४ साली गिनीज बुकाने त्यांच्या नावावर १९४८ पासूनची २५ हजार गाणी लावली, रफीसाहेबांनी त्यावर हरकत घेतली, आणि पुढे ती नोंदच गळली. आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. त्या काळात वर्षाला साधारण शंभर हिंदी सिनेमे, एकेकात सात-आठ गाणी. म्हणजे वर्षाला आठशे धरू. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे झाले एकवीस-बावीस हजार. त्यात रफी, मुकेश, तलत, गीता, आशा, शमशाद सगळे आले. दुसऱ्या भाषांतली गाणी धरली तरी हा हिशेब बसत नाही.

याचा अर्थ लताबाई लहान होत नाहीत. आकडा कमी केला म्हणून त्यांचा अपमान झाला, असं वाटणाऱ्यांना मला दरवर्षी समजवावं लागतं. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी १९३१ च्या ‘आलम आरा’पासून दशकवार हिंदी सिनेगीतांचे कोश केले आहेत. त्यात एकेका सिनेमाची गाणी ओळीने सापडतात. ग्रुपवर वाद निघाला की तो कोश ज्याच्या कपाटात आहे तो पानाचा फोटो टाकतो आणि वाद मिटतो. फॉरवर्डने वाद मिटत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

रफी मोठे की किशोर, असं विचारू नका. ‘आराधना’नंतर रफी संपले, हे वाक्य तर लिहूच नका, १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे उत्तर टाइप करून आमची बोटं झिजली आहेत. ओ. पी. नय्यरांनी लताबाईंना कधीच का घेतलं नाही, हाही प्रश्न दर पावसाळ्यात उगवतो. शोध घ्या, जुन्या चर्चा सापडतील.

‘आशाने काय हरकत घेतलीय!’ (हरकत म्हणजे गाण्यातली सुरांची नाजूक वळणं) असं कोणी लिहिलं तर एकेरी उल्लेखावरून त्याला झापू नका. आपल्याकडे विठोबाही एकेरीच असतो. पण ग्रुपवरच्या माणसांना मात्र अहो-जाहोच. समोरचा तुमच्या वयाचा वाटला तरी तो निवृत्त मुख्याध्यापक असू शकतो, फोटो तिशीतला लावलेला असतो.

‘ओळखा पाहू’च्या शनिवारी कोणीतरी गाण्यामधला दहा सेकंदांचा तुकडा टाकतो. उत्तर खाली लिहायचं नाही, कोडं घालणाऱ्याला वैयक्तिक पाठवायचं. आणि मोबाईलमधल्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवून उत्तर काढू नका. पकडले जाता, कारण सिनेमाच्या नावाच्या जागी तुम्ही ‘एव्हरग्रीन हिट्स, भाग ३’ लिहिलेलं असतं.

कोणी घरच्या तबकडीच्या लेबलचा किंवा सिनेमाच्या गाण्यांच्या चोपडीचा फोटो टाकला तर तो उचलून दुसरीकडे नेताना त्याचं नाव ठेवा. ‘एमपी थ्री मिळेल का’ असं चारचौघांत मागू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, शब्दांचा आणि चालीचा तर कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ग्रुप बंद पडायला एक तक्रार पुरते. आणि श्रद्धांजलीची घाई नको. दोन बातम्या बघितल्याशिवाय फुलं वाहिलेली पोस्ट मी सोडत नाही. एका ज्येष्ठ वादकाच्या मुलीचा फोन आला होता, ‘बाबा चहा पितायत.’

पोस्ट पुसून टाकणं

ही सगळ्यांत वाईट चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. ग्रुपवर येऊन पंधरा दिवस झाले होते. ‘बात एक रात की’ (१९६२) मधलं ‘न तुम हमें जानो’ हेमंतकुमारांनी गायलंय, त्याचं बाईच्या आवाजातलंही एक रूप आहे. मी ते टाकलं, सगळी नावं लिहिली, आणि गायिका म्हणून लता मंगेशकर. व्हिडिओवरही तेच लिहिलेलं होतं. तासाभरात खाली एक ओळ : ‘सुमनताई. पुन्हा ऐका.’

सुमन कल्याणपूरांच्या बाबतीत हे आयुष्यभर होत आलंय. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, आणि रफींची बरीच युगलगीतं सुमनताईंकडे आली. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ आजही लोक लताबाईंचं समजून गुणगुणतात. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त लाज वाटली. दुपारी मी पोस्ट उडवून टाकली.

पोस्ट उडते तेव्हा तिच्याखालचं सगळं उडतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मधल्या वेळात नागपूरच्या एका काकांनी खाली अर्धं पान लिहिलं होतं. ते कॉलेजात असताना रेडिओवर निवेदकाने हेच गाणं लताबाईंचं म्हणून लावलं, त्यांनी रागाने पोस्टकार्ड टाकलं, आणि पुढच्या महिन्यात नाव दुरुस्त करून गाणं पुन्हा लागलं. ते ऐकायला त्यांनी वसतिगृहातल्या पोरांना गोळा केलं होतं. मी हे दोन वेळा वाचलं होतं, तरी उडवलं. पुन्हा लिहाल का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘लिहू कधीतरी. एका बोटाने टाइप करतो हो मी.’

तर करायचं ते असं. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा, एडिट उघडा, चुकलेलं आहे तसंच राहू द्या. खाली नवी ओळ : ‘दुरुस्ती : गायिका सुमन कल्याणपूर.’ पुढे कंसात सांगणाऱ्याचं नाव. झालं. माफीनामा लिहायची गरज नाही, कोणी वाचत नाही. दुरुस्ती पटत नसेल तर तसंही लिहा, पण लेबलचा फोटो किंवा कोशाचं पान जोडून.

तीन वसंतांवरची आमची एक जुनी पोस्ट आहे, मूळ लिहिणाऱ्याने प्रभूंची दोन गाणी पवारांच्या खात्यात टाकली होती. त्या पोस्टीखाली आता सात दुरुस्त्या आहेत. पाचवी दुरुस्ती तिसरीची दुरुस्ती आहे. आठवी परवा रात्री आली, ती अजून तपासायची आहे.