देवणी गायीचं मूळ डीएनएतून कसं तपासायचं

गोठ्यातली देवणी खरंच देवणी आहे का हे नुसत्या रंगावरून ठरवू नका. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या दिसल्या की लोक वानेरा (देवणीचा एक रंगप्रकार) म्हणून मोकळे होतात, पण देवणी वळूपासून गावठी गायीला झालेल्या वासरातही तो रंग उतरू शकतो.

आधी नोंदी काढा. कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर दवाखान्यात सांगा आणि तिच्या आईला कुठल्या वळूचं सिमेन भरलं होतं ते बघून घ्या.

मग सॅम्पल. शेपटीच्या गोंड्याचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे, कापायचे नाहीत, कारण कामाचा डीएनए मुळाच्या गाठीत असतो. उपटल्यावर टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली पाहिजे. केस कोरडे करून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

आता खरी मेख, टेस्ट कुठली करायची. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून आणि तोही नराच्याच सॅम्पलमध्ये सापडतो. म्हणजे देशी गायीला एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचं) सिमेन भरलं तर कालवडीचा मायटोकॉन्ड्रियल रिपोर्ट अगदी देशीच येणार! ब्राझीलच्या नेलोर जातीच्या गुरांमध्ये याच्या उलट झालंय, भारतातून नेलेले वळू तिथल्या युरोपियन वंशाच्या गायींवर पिढ्यानपिढ्या वापरले, त्यामुळे गाय वशिंडवाली पण आईची लाइन बऱ्याचदा युरोपियन. म्हणून पूर्ण जिनोमवरची, म्हणजे सगळ्या डीएनएमधले हजारो बारीक फरक एकदम वाचणारी एसएनपी चिप टेस्टच मागा, आणि ती देशी गुरांसाठी बनवलेली असेल तर उत्तम, २०२४ मध्ये आलेली गौ चिप त्यासाठीच आहे. परदेशी जातींवरून बनवलेल्या चिपमध्ये आपल्या गुरांमधली विविधता कमी मोजली जाते.

आणि हो, ए२ रिपोर्ट म्हणजे जातीचा दाखला नव्हे, तो दुधातल्या बीटा केसिनच्या एकाच जीनबद्दल सांगतो, ए२ जर्सीही असतात.

रिपोर्ट आला की तुलना कुणाशी केलीय ते विचारा. देवणी ही गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून घडली असं मानतात, तेव्हा लॅबकडे देवणीसोबत गीर आणि डांगीचेही रेफरन्स सॅम्पल (तुलनेसाठीचे खात्रीचे नमुने) हवेत, नाहीतर गीरचा अंश दिसला तो जुना की कालपरवाच्या संकराचा हे सांगताच येणार नाही. कळपातून अनेक सॅम्पल देणार असाल तर सख्ख्या बहिणी आणि मायलेकी टाळा, एकाच घरातली गुरं तपासून कळपाचं चित्र कळत नाही.