स्काला डॉट जेएसमधे मॅप-फिल्टरची साखळी स्लो पडत असेल तर

स्काला डॉट जेएस स्काला कोडचं जावास्क्रिप्ट करतं, म्हणजे तो ब्राउझरमधे चालतो. मॅप म्हणजे यादीतला प्रत्येक आयटम बदलणं, फिल्टर म्हणजे नको ते गाळणं. फास्टलिंकजेएसच्या बिल्डवर टायमिंग घेऊ नका. तो डेव्हलपमेंटसाठी आहे, त्यात चुकीचा कास्ट (एका टाइपची वस्तू दुसऱ्या टाइपची मानणं), ॲरेबाहेरचा इंडेक्स वगैरे तपासण्या चालू असतात, फुललिंकजेएसमधे, म्हणजे वापरकर्त्यांना द्यायच्या बिल्डमधे, त्या निघून जातात. तरी लोक फास्टलिंकचे आकडे दाखवून "स्काला ब्राउझरमधे चालत नाही" म्हणतात, कृपया ऐकू नका.

फुललिंक करा, खऱ्या साइजचा डेटा घ्या, ब्राउझरच्या परफॉर्मन्स डॉट नाऊने वेळ मोजा, सुरुवातीचे काही रन सोडून द्या कारण तेव्हा जेआयटी (कोड चालता चालता वेगवान करणारा कंपायलर) गरम झालेला नसतो.

जेव्हीएमवरचे (स्काला एरवी जिथे चालतो त्या जावाच्या मशीनवरचे) सल्ले इथे आंधळेपणाने लावू नका. "इंटचं बॉक्सिंग टाळा" हा तर हमखास मिळतो (बॉक्सिंग म्हणजे साधा आकडा ऑब्जेक्टमधे गुंडाळणं), पण इथे बॉक्स केलेला इंट म्हणजे जावास्क्रिप्टचा साधा नंबरच असतो, टाळण्यासारखं काही नाहीच. खरा महाग आहे तो लाँग! जावास्क्रिप्टच्या नंबरमधे ६४ बिटचा पूर्णांक मावत नाही म्हणून तो ३२-३२ बिटच्या दोन तुकड्यांतून चालवला जातो. मिलिसेकंदातली वेळ लाँगमधे ठेवून त्यावर फिल्टर मारत असाल तर डबल करा, २ चा ५३ वा घात येईपर्यंत पूर्णांक अचूक राहतो.

आता मुख्य भानगड, इथे मी स्वतः बरेच दिवस अडकलो होतो. व्हेक्टरवर (स्कालाची न बदलणारी यादी) फिल्टर, मग मॅप, मग परत फिल्टर लावलं की प्रत्येक पायरीला नवा अख्खा व्हेक्टर बनतो, म्हणजे १ लाख रो असतील तर तीन फेऱ्या, आणि पहिले दोन व्हेक्टर थेट कचऱ्यात. मग गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी साफ करणारा) मधेच येतो आणि स्क्रोल अडखळतो. उपाय म्हणजे सुरुवातीला डॉट व्ह्यू आणि शेवटी टूव्हेक्टर, म्हणजे एकेक रो सगळ्या पायऱ्यांतून जातो आणि मधले व्हेक्टर बनतच नाहीत.

पण बहुतेक लेख इथेच थांबतात आणि लोक फसतात. व्ह्यू काहीच साठवून ठेवत नाही. तो व्हॅलमधे (नाव देऊन) ठेवून दोन ठिकाणी वापरलात की सगळी साखळी दोनदा चालते, फिल्टर केलेल्या व्ह्यूची नुसती साइज विचारली तरी फिल्टर पहिल्यापासून चालतो, आणि कोड आधीपेक्षा स्लो होतो तरी चूक कुठेच दिसत नाही. म्हणून माझा नियम कडक आहे, व्ह्यू फंक्शनच्या बाहेर जाता कामा नये. रिटर्न टाइप स्पष्ट व्हेक्टर लिहा, मग टूव्हेक्टर विसरलात तर कंपायलरच अडवतो. इटरेबल (ज्यावर फेरी मारता येते असा कुठलाही संग्रह) लिहिलंत तर व्ह्यू गुपचूप बाहेर पडतो, कारण तोही इटरेबलच आहे. इटरेटर (एकेक आयटम देत पुढे जाणारा) वापरलात तर आणखी जपा, तो एकदा संपला की दुसऱ्यांदा रिकामाच मिळतो.

सॉर्ट हवं असेल तर आधी टूव्हेक्टर. पन्नासेक आयटमच्या लिस्टला व्ह्यू लावू नका, फायदा शून्य आणि वाचणाऱ्याला त्रास.

एवढं करूनही प्रोफाइलरमधे (कुठलं फंक्शन किती वेळ खातं ते दाखवणारं टूल) तेच फंक्शन वर दिसत असेल तरच, आणि तेवढ्याच फंक्शनमधे, इंटचा ॲरे आणि व्हाइल लूप घ्या, खाली तो जावास्क्रिप्टचा इंट३२ॲरे होतो. मग परत फुललिंक करून क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत मोजा, दोघांची इंजिनं वेगळी आहेत.